शेवटचा आटा

आमच्या बाइंडिंगच्या दुकानात एक नियम आहे, आणि तो मी सून होऊन आले त्याच्या कितीतरी आधीपासूनचा आहे. शेवटचा आटा ज्याचा, पुस्तक त्याचं. शिलाई कुणी केली, पुठ्ठा कुणी कापला, पाठीवर सोनेरी अक्षरं कुणी उठवली, याला आमचे सासरे अण्णा काडीची किंमत देत नाहीत. शिकंज्याचा शेवटचा आटा कुणी दिला, एवढंच विचारतात. पुस्तक चांगलं निघालं तर कौतुक त्याचं, आणि गिऱ्हाईक भांडायला आलं तर पुढे व्हायचं तेही त्यानंच.

शिकंजा म्हणजे काय ते आधीच सांगून टाकते. दोन जाडजूड लाकडी फळ्या समोरासमोर उभ्या, खाली लोखंडी पाय, आणि ते पाय फरशीत बोल्ट मारून पक्के केलेले. फळ्यांच्या मध्ये पुस्तकं ठेवायची, पाठ वर करून. फळ्यांतून एक जाड लोखंडी स्क्रू आरपार गेलेला आहे. त्याच्या डोक्याला भोक आणि भोकात घातलेला लांब दांडा, दोन्ही बाजूंना सारखा बाहेर आलेला. दांड्याचा एक फेरा म्हणजे एक आटा. दांडा फिरवला की फळ्या जवळ येतात, पुस्तकं आवळली जातात, मग पाठीवर सरस लावून शेवटचा आटा द्यायचा आणि सकाळपर्यंत तसंच ठेवायचं. सुरुवातीचे आटे कुणीही देईल, माझा नवरासुद्धा देतो. पण सगळ्यात शेवटी अर्ध्याच्याही अर्धा आटा असा उरतो, की तो बसला तर पुस्तक जन्मभर ताठ राहतं आणि नाही बसला तर पाठ फुगते, पानं निसटायला लागतात. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात ना, ते शेपूट आमच्याकडे फार जड आहे.

ते ओढायचं काम माझ्या मोठ्या नणंदेचं, ताईंचं.

ताई लहानपणापासून अंगानं भरपूर. शाळेत मुली त्यांना ढब्बी म्हणायच्या. तेरा-चौदा वर्षांच्या असताना एकदा त्या शाळेतून रडतच दुकानात आल्या. अण्णा तेव्हा एका प्रचंड जाड पुस्तकाशी झुंजत होते, दांडा तसूभर हलत नव्हता. अण्णांनी लेकीकडे बघितलं आणि म्हणाले, "रडशील नंतर. आधी इथे लोंबकळ." ताईंनी डोळे पुसले, दांड्याचं वरचं टोक दोन्ही हातांनी धरलं आणि पाय उचलले. दांडा कुरकुरत खाली आला. अण्णा म्हणाले, "पुस्तक तुझं."

ही गोष्ट ताईंनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सांगितली, आणि नंतरही बरेचदा सांगितली. मला ती पाठ आहे. जगात सगळीकडे जे अंग नडत होतं, ते एका जागी उपयोगी पडलं, आणि ताईंनी ती जागा मग सोडलीच नाही. लग्न का नाही केलं असं कुणी विचारलं तर म्हणतात, "सुट्टीच मिळाली नाही." रोज संध्याकाळी दुकानाचं शटर ओढायच्या आधी अण्णा दारातल्या स्टुलावरून विचारायचे, "आजची पुस्तकं कुणाची?" आणि ताई ॲप्रन खुंटीला लावत म्हणायच्या, "माझी, अण्णा." हा प्रश्न न विचारता दुकान बंद झालेलं मी पाहिलेलं नाही.

तर अशा ताईंना पन्नाशीच्या तोंडावर डॉक्टरांनी बसवून सांगितलं, साखर वाढलीय, वजन उतरवा, नाहीतर पुढे पाय आणि डोळे दोन्ही त्रास देतील. ताई घाबरल्या आणि घाबरलेल्या ताईंसारखं चिवट माणूस दुसरं नाही. गोड सोडलं, तळलेलं सोडलं, दुकानातून घरी पायी जायला लागल्या, तेही लांबच्या रस्त्यानं. आम्ही जेवत असलो की या काकडी घेऊन समोर बसायच्या आणि आमच्या ताटात असं बघायच्या, की घास घशाखाली उतरायचा नाही. दीडेक वर्षात ताई निम्म्या झाल्या असं मी म्हटलं तर ती थाप होईल, पण बोटातली अंगठी सरसाच्या डब्यात पडली, एवढं खरं आहे. डॉक्टर खूश, अण्णा खूश. मी तर ताईंचे जुने कपडे उसवून एकेकातून दोन-दोन करून दिले.

आणि पुस्तकं फुगायला लागली.

आधी एक आलं परत, मग चार. ताईंनी सरस बदलला. मग कागदाला दोष दिला, मग हवेला. मग एक दिवस माझ्या शिलाईला नावं ठेवली. तेव्हा मात्र मी बोलले. म्हटलं, "ताई, माझा टाका वीस वर्षं तोच आहे." आम्ही दोन दिवस एकमेकींशी फक्त कात्री आणि दोरा मागण्यापुरतं बोललो. शेवटी नाचता येईना अंगण वाकडं, तसं शिकंज्यावर आलं. त्याचे आटे झिजले म्हणून मिस्त्रीला बोलावलं.

मिस्त्री म्हणजे समोरच्या गॅरेजमधले, चांगले आडव्या अंगाचे. त्यांनी स्क्रूला तेल दिलं, बोल्ट ठोकून बघितले, मग दांड्याच्या वरच्या टोकाला लटकले. शेपूट मुकाट्यानं सरकलं. मिस्त्रींनी हात पुसले. म्हणाले, "ताई, शिकंज्याला काही झालेलं नाही. तुम्ही कमी झालाय."

ताईंचा चेहरा बघवत नव्हता. इतकी वर्षं त्या समजत होत्या की ही आपल्या हाताची करामत आहे, आणि ते नुसतं वजन निघालं. मला दोन दिवसांचा राग आठवला आणि तो तिथेच गेला.

पण ताई हार मानणाऱ्यातल्या नव्हेत. दुसऱ्या दिवशी पाहते तर पुस्तकांवर दाबायला ठेवतो ते लोखंडी ठोकळे त्यांनी ॲप्रनच्या खिशांत भरले होते, पुढे दोन, बाजूला दोन. "गेलेलं वजन परत अंगावर घेतलं, झालं," म्हणाल्या. चालताना बदकासारख्या डोलत शिकंज्यापाशी गेल्या, दांडा धरला, पाय उचलले. दांडा हलायच्या आधी ॲप्रनचे बंद तुटले आणि चारही ठोकळे फरशीवर आदळले. पाय थोडक्यात वाचला. अण्णा स्टुलावर हसून हसून खोकायला लागले. ताईही हसल्या, पण दांडा सोडून त्या आतल्या खोलीत गेल्या त्या बऱ्याच वेळानं बाहेर आल्या.

तेव्हापासून शेवटचा आटा माझा नवरा आणि मी मिळून द्यायला लागलो. नवरा माझा काडीपैलवान. तो एकटा लटकला तर दांड्याला कळतही नाही. म्हणून त्याच्या शेजारी मी. संध्याकाळी अण्णांनी विचारलं, "आजची पुस्तकं कुणाची?" नवरा म्हणाला, "आमची, अण्णा." मला मनातून गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू, वीस वर्षांत पहिल्यांदा पुस्तक माझं झालं होतं. पण ताई खाली वाकून चपलेचा पट्टा लावत होत्या, आणि त्यांच्या चपलेला पट्टाच नव्हता.

त्याच सुमारास ग्रंथालयातून नकाशांचं मोठं पुस्तक दुरुस्तीला आलं. टेबलावर ठेवताना दोघं लागली. अण्णांनी डोळे मिटून त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि ताईंना म्हणाले, "ओळखलंस का? हे तुझं पहिलं." तेच पुस्तक, ज्याच्यासाठी ताई रडायच्या थांबल्या होत्या. पस्तीसेक वर्षं हजारो हातांनी उघडलं तरी पाठ अजून सरळ होती, फक्त कापड विरलं होतं आणि नकाशांचे कोपरे फाटले होते. नवरा सहज म्हणाला, "हे आपण मोटरच्या प्रेसवर करून घेऊ बाहेरून. आता शिकंजा काढावाच लागणार एक दिवस."

ताई म्हणाल्या, "ह्याचा शेवटचा आटा मी देणार. मला नाही जमला तर शिकंजा काढ, मी गल्ल्यावर बसेन आणि पुन्हा कधी त्याचं नाव घेणार नाही."

"अगं पण ताई, कसा देणार?"

"ते मी बघते, धाकट्या. तू कापड आण."

पहिलं त्यांनी बघितलं ते हे, की वजन परत वाढवता येईल का. डॉक्टरांना सरळ जाऊन विचारलं. मी बरोबर होते, मला तर लाजेनं कुठे बघू असं झालं. डॉक्टरांनी आधी कपाळाला हात लावला. मग समजावून सांगितलं की इतक्या घाईनं उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि या वयात ते आपणहून परत येत नाहीत, त्यांना बोलवावं लागतं. वजन वाढवू नका, वजन उचला. सायकलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक व्यायामशाळा आहे, तिथे जा.

तिथे एकटं जायला ताई तयार नव्हत्या, म्हणून मी. जिना चढेपर्यंत त्या तीनदा थांबल्या. दम लागला म्हणून नव्हे, माघारी फिरावं का या विचारानं. वर एक लांब खोली, रबराची फरशी, भिंतीला आरसे, लोखंडाचा आणि घामाचा वास. चार-पाच तरणीताठी मुलं घुमत होती आणि कोपऱ्यात शिट्टी गळ्यात घालून एक पांढऱ्या केसांच्या बाई उभ्या. शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेल्या, आणि सगळे त्यांना पीटीबाईच म्हणायचे. त्यांनी ताईंना नखशिखांत न्याहाळलं आणि हातात एक लाकडी काठी दिली.

ताईंनी काठीकडे बघितलं. "हे काय? मी झाडायला आलेले नाही, बाई."

"काठी सरळ पाठीला लावून वाका. पाठ काठीला चिकटलेली राहिली तर पुढचं बोलू."

पाठ राहिली नाही. त्या दिवशीही नाही आणि पुढच्या वेळीही नाही. ताई वाकल्या की पाठीची कमान व्हायची आणि पीटीबाई म्हणायच्या, "जन्मभर कमरेतून वाकलात. आता मांडीतून वाका. उचलताना हात नुसते दोर समजा, जमीन पायानं ढकला." मी बाकावर पिशवी धरून बसले होते आणि मनात म्हणत होते की जमीन ढकलून कुणाचं भलं झालंय. घरी आल्यावर ताईंना खुर्चीत बसता येईना आणि बसल्यावर उठता येईना. जिन्यावरून त्या उलट्या उतरत होत्या. अण्णा म्हणाले, "ही ताकद येतेय की जातेय?"

पण त्या जात राहिल्या. काठीचा रिकामा बार झाला, रिकाम्या बारला बशीएवढी वजनं लागली, मग ताटाएवढी. खाण्यावरून मात्र रोज वाद. पीटीबाई सांगायच्या खा, अंडी खा, डाळी खा, पोटभर खा. ताई इतक्या कष्टानं उपाशी राहायला शिकल्या होत्या, त्यांना ते पटेना. पीटीबाई एकदा म्हणाल्या, "चूल विझवून पाणी तापवायला निघालात की काय?" त्या दिवशी ताईंनी दुकानात दोन उकडलेली अंडी खाल्ली. एक खाऊन माझ्याकडे चोरट्या नजरेनं बघितलं आणि मग दुसरं.

आणि एक दिवस वजनकाट्यानं आकडा वाढवून दाखवला. थोडासाच, पण दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. ताईंनी व्यायामशाळा बंद केली. पुन्हा काकडी घेऊन बसल्या. मी समजावलं, नवऱ्यानं समजावलं, उपयोग शून्य. "मी पुन्हा तशीच होणार," एवढंच म्हणायच्या. त्यांच्या आवाजात खरी भीती होती. पुन्हा तसं व्हायचं म्हणजे पुन्हा आजार, आणि तसं नाही व्हायचं तर शिकंजा गेला. बाईनं करावं तरी काय.

मला तेव्हा एक सुचलं. आम्ही बाइंडर लोक पुस्तकाची जाडी आकड्यात मोजत नाही. कागदाची पट्टी पुस्तकाभोवती गुंडाळतो, कडेला पेन्सिलीनं खूण करतो आणि तीच पट्टी पुठ्ठ्यावर धरतो. ताईंचे कपडे उसवले तेव्हा त्यांच्या कमरेची अशीच एक पट्टी मी केली होती. ती माझ्या शिलाईच्या डब्यात पडून होती. ती घेऊन मी त्यांच्यापुढे उभी राहिले.

"हात वर करा, ताई."

"काय पुस्तक आहे का मी?"

"करा म्हणते ना."

पट्टी गुंडाळली. खूण पार मागे गेली. दोन बोटं पट्टी उरली. ताईंनी ती माझ्या हातातून घेतली, स्वतः गुंडाळली, पुन्हा गुंडाळली. काटा खोटं बोलेल, पट्टी खोटं बोलणार नाही, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. "म्हणजे वाढलं ते काय मग?" त्यांनी विचारलं. मी त्यांच्या दंडाला बोट लावलं. बोट आत जाईना. दोघी हसत सुटलो, आणि दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा जिना चढल्या.

इकडे नकाशांचं काम माझ्याकडे होतं. एकेक नकाशा सुटा करून, फाटके कोपरे पातळ कागदानं जोडून, पुन्हा शिवायचं. मी नेहमी भराभर शिवते, पण या पुस्तकाला मी सावकाश शिवलं. टाका घालायचा, बघायचा, आवडला नाही म्हणून उसवायचा. नवरा वैतागला. "तू पुस्तक शिवतेस की उसवतेस?" मी म्हटलं, ग्रंथालयाचं काम आहे, घाई करून चालत नाही. ताई तिकडून ऐकत होत्या, आणि त्या दिवसापासून माझा चहा त्या करायला लागल्या.

तरी टाके कधीतरी संपतातच. ग्रंथपालबाईंचा निरोप आला की वाचकांना पुस्तक हवंय, अमक्या सकाळी न्यायला येते. घोडामैदान जवळ आलं. ताईंनी एका दुपारी रद्दी पुस्तकं शिकंज्यात घालून बघितली. दांड्याचं वरचं टोक धरलं, पाय उचलले, लटकल्या. शेपूट थोडं सरकलं आणि थांबलं. एवढी मेहनत, एवढं लोखंड उचललं आणि फरक पडला तो नखाएवढा. लटकणाऱ्याची ताकद कितीही असो, दांड्याला लागतं ते त्याचं वजनच. हे आम्हाला तेव्हा कळलं नाही, आणि ताई रडवेल्या झाल्या. "गल्ल्याची खुर्ची पुसून ठेव," मला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक दाबायचं होतं. ताई तरीही व्यायामशाळेत गेल्या, कदाचित दुकानात यायचं टाळायला, आणि मीही गेले, त्यांना एकटं सोडवेना म्हणून. बार जमिनीवर होता, नडगीला लागेल इतक्या उंचीवर. ताई मांडीतून वाकल्या, पाठ सरळ, हात दोरासारखे. जमीन ढकलली. बार वर आला. मी नीट पाहिलं, त्या दिवशी बारवर ताईंपेक्षा जास्त वजन होतं. मग त्यांनी तो खाली ठेवला आणि वाकलेल्याच राहिल्या. मला वाटलं, गेली कंबर.

"अगं," त्या तशाच वाकून म्हणाल्या, "दांड्याला खालचं टोक पण असतं."

मला काही उमगलं नाही. त्या पीटीबाईंना न सांगता, बूट न बदलता निघाल्या. मी पिशव्या घेऊन मागे. दुकानात आल्या. नवऱ्यानं तोवर नकाशांचं पुस्तक शिकंज्यात बसवून सुरुवातीचे आटे दिले होते. दांडा तिरका थांबला होता, वरचं टोक डोक्याच्या उंचीला, खालचं नडगीपाशी. इतकी वर्षं सगळे वरचंच टोक धरत आले होते. वर लटकायला ताईंचं वजन होतं, मग खाली कोण बघणार? ताई दुसऱ्या बाजूला गेल्या. पावलं फरशीवर रोवली. मांडीतून वाकल्या आणि खालचं टोक धरलं.

"ताई, उलटं फिरेल," नवरा म्हणाला.

"हे टोक वर गेलं की ते खाली येतं, धाकट्या. तुला काठीपासून शिकवायला हवंय."

त्यांनी श्वास घेतला. मला त्यांच्या पाठीची रेघ दिसत होती, फूटपट्टी लावावी अशी सरळ. दांडा कुरकुरला. मग सावकाश, जराही धक्का न बसता, वर यायला लागला. सरसाचा एक थेंब दोन फळ्यांमधून वर आला आणि पाठीवर पसरला. शेपूट गेलं. ताईंनी दांडा सोडला आणि आपल्या बुटांकडे बघितलं. दोन्ही पाय जमिनीवर होते. या दुकानात शेवटचा आटा पाय टेकून कुणी दिल्याचं अण्णांच्याही आठवणीत नव्हतं.

त्या संध्याकाळी अण्णांनी प्रश्न विचारला आणि ताई म्हणाल्या, "पुस्तक बाहेर निघू दे, मग सांगते." इतकी सबुरी मी त्यांच्यात पहिल्यांदाच पाहिली.

सकाळी ताई व्यायामशाळेत गेलेल्या. ग्रंथपालबाई ठरल्या वेळेच्या आधीच आल्या. नवरा म्हणाला, एवढ्यात काढून देतो, आणि दांड्याला हात घातला. दांडा ढिम्म. आता सोडवायचं म्हणजे उलटं फिरवायचं, म्हणून तो दुसऱ्या बाजूनं लटकला. दांडा ढिम्म. मी त्याच्या शेजारी लटकले. ग्रंथपालबाई चष्मा पुसून बघायला लागल्या. समोरून मिस्त्री धावत आले, ते माझ्या जागी आले, मग मी नवऱ्याला कमरेला धरून खाली ओढायला लागले. तिघांच्या वजनाला दांडा दाद देईना. अण्णा स्टुलावर मांडी थोपटत होते.

ताई दारात आल्या तेव्हा दांड्याला माझा नवरा आणि मिस्त्री लोंबत होते आणि खाली मी. त्यांनी हातातलं अर्धं अंडं तोंडात टाकलं.

"उतरा. वटवाघळं आहात का?"

आम्ही उतरलो. त्या समोरच्या बाजूला गेल्या, खालचं टोक धरलं, मांडीतून वाकल्या आणि उठल्या. एकदाच. दांडा सुटला, फळ्या सैल झाल्या. मिस्त्रींनी ताईंकडे बघितलं, मग स्वतःच्या पोटाकडे, आणि गॅरेजात परत गेले.

ग्रंथपालबाईंच्या आधी पुस्तक अण्णांच्या मांडीवर गेलं, तो मान त्यांचा. त्यांनी डोळे मिटले आणि पाठीवरून अंगठा फिरवला, वरून खाली, खालून वर. कुठेही अडकला नाही. मग डोळे उघडून त्यांनी लेकीकडे बघितलं. संध्याकाळ व्हायला अजून सबंध दिवस होता, शटर सताड उघडं होतं, पण ते थांबले नाहीत.

"पुस्तक तुझं," अण्णा म्हणाले. "आता रड."

ताई सरसाच्या डब्यावर बसल्या, व्यायामाच्या बुटांतले दोन्ही पाय फरशीवर टेकवून, आणि तेरा-चौदा वर्षांच्या असताना राहून गेलं होतं तेवढं सगळं रडल्या.